गळा का फुगतो?

गेल्या दिवाळीला सैलसर बसणारी ठुशी यंदा गळ्याला काचू लागली, की घरातली वडीलधारी बाई कौतुकाने म्हणते, “अंग भरलं हो पोरीचं!” बहुधा तेच खरे असते. पण क्वचित भरलेले असते ते अंग नव्हे. कंठाच्या खालच्या भागात, श्वासनळीला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती वाढलेली असते. या वाढीला आपण गलगंड म्हणतो. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे, तेव्हा हे दुखणे काही नव्या जमान्याचे नव्हे.

गलगंड आणि गंडमाळा यांची मात्र आपण नेहमी गल्लत करतो. गंडमाळा मानेच्या बाजूला, माळेतल्या मण्यांसारख्या येतात आणि पुष्कळदा त्यांच्या मुळाशी क्षय असतो. थायरॉईडची खूण सोपी आहे. आरशासमोर हनुवटी किंचित उचलून पाण्याचा घोट घ्यावा. गाठ घोटाबरोबर वर सरकली तर ती बहुधा थायरॉईडची. कारण ही ग्रंथी श्वासनळीला जखडलेली असते.

ती वाढते कशाने? अन्नातले आयोडीन टिपून संप्रेरक बनवणे हे तिचे काम. शरीराची भट्टी किती प्रखर जळावी, हे त्या संप्रेरकावर ठरते. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागते अवघे 150 मायक्रोग्रॅम. जन्मभराचे एकत्र केले तरी चहाचा चमचा भरणार नाही! पण तेवढेही मिळाले नाही तर संप्रेरक कमी पडते, मेंदूच्या तळची पीयूषिका ग्रंथी तगादा लावते आणि थायरॉईड बिचारी आकार वाढवून तूट भरू पाहते. दळायला दाणे नाहीत म्हणून आणखी जाती मांडावीत, तसाच हा प्रकार.

डोंगराळ मुलुखात पाऊस आणि हिमनद्या जमिनीतले आयोडीन धुऊन नेतात, म्हणून हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड फार. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात एक साधा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडून दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतले गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले. 1962 मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

हा प्रश्न केवळ पहाडातला नाही, महाराष्ट्राच्या काही भागांतही तो आढळला आहे. आणि समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीनचे, हा आपला समज चुकीचा. मासळीत आयोडीन असते, मिठागरातल्या जाड्या मिठात ते नावापुरतेच. सैंधवाचेही तेच. उपासाला ते खुशाल वापरावे, पण हल्ली काही सुशिक्षित घरांत रोजच्या स्वयंपाकातही त्याची फॅशन शिरली आहे, ती मला मुळीच पटत नाही. विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर नाहीच नाही. पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्या थायरॉईडवर पोसतो. तिथे आयोडीनची मोठी तूट पडली तर मूल मतिमंद किंवा मूकबधिर होऊ शकते, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही.

मात्र प्रत्येक गलगंडाचे खापर मिठावर फोडू नये. 1912 मध्ये जपानच्या हाशिमोटो यांनी वर्णिलेल्या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीवर उलटते. ग्रंथी सुजते आणि तिचे काम हळूहळू मंदावते. ग्रेव्हजच्या विकारात उलटाच तमाशा. ग्रंथी बेसुमार काम करते, छाती धडधडते, हात कापतात, भरपूर जेवूनही माणूस वाळतो, कधी डोळे बटबटीत दिसतात. काही वेळा ग्रंथीत नुसत्या गाठी होतात. त्यांतल्या थोड्याच कर्करोगाच्या निघतात. वयात येताना आणि गरोदरपणीही ग्रंथी थोडी वाढते.

म्हणजे बाहेरून फुगवटा एकच, पण आत कुठे भट्टी विझत आलेली, तर कुठे भडकलेली! म्हणूनच शेजारणीला लागू पडलेली गोळी आपण घेणे धोक्याचे. आयोडीनचे थेंबही मनाने घेऊ नयेत. टास्मानियात 1966 पासून पावात आयोडीन घालू लागले, तेव्हा जुन्या गाठी असलेल्या काहींच्या ग्रंथी भडकल्या होत्या. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने काढलेल्या पेशींची परीक्षा, यांतून निदान होते. आवाज बसला, घास अडकू लागला किंवा गाठ थोड्या आठवड्यांत वाढली, तर दिवाळीचे पाहुणे जाईपर्यंतही थांबू नये.