धुऱ्यावर एक तरी मोह लावा

मोहाचे झाड कसे असते हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला सांगावे लागत नाही. इथले लहान पोरही ते वासावरून ओळखते. पण कोणत्याही गावात मी एक प्रश्न हमखास विचारतो, "गुडघ्याएवढे मोहाचे रोप कुठे आहे, दाखवा बरे." बहुतेक ठिकाणी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. उभी आहेत ती सगळी झाडे आज्या-पणज्याच्या काळची. त्यांच्याखाली नवे रोप शोधून सापडत नाही. ज्या घरात नुसती म्हातारी माणसेच उरली, त्या घराचे पुढे काय होणार हे वेगळे सांगायला नको.

नवा मोह का उगवत नाही? याची कारणे तीन आहेत आणि तिन्ही आपल्याच हातची आहेत. फुले वेचणे सोपे जावे म्हणून फाल्गुनात झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्यात कोवळी रोपे जळून जातात आणि तीच आग पुढे जंगलात शिरते. दुसरे, फुलांनंतर पडणारी टोळ आपण तेलासाठी शेवटच्या बीपर्यंत वेचून नेतो. तिसरे, चुकून एखादे रोप उगवलेच, तर गुरे आणि शेळ्या ते शेंड्यापासून खातात.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट मोठी आहे. मोहफूल रात्री आणि पहाटे गळते. ते वेचायला बाया-पोरी तांबडे फुटण्याआधी टोपली घेऊन जंगलात जातात. मोहफुलाची गोडी अस्वलालाही असते. वाघही त्याच जंगलात असतो आणि वाकून वेचणारे माणूस त्याला माणसासारखे दिसत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या बाजूला चैत्र-वैशाखात वाईट बातमी आली नाही असे वर्ष विरळाच. आपल्या स्वतःच्या धुऱ्यावर मोह असेल, तर निदान पुढच्या पिढीला फुलांसाठी अंधारात जंगल तुडवावे लागणार नाही. म्हणून हा लेख.

दुष्काळाला न भिणारे झाड

मोह चिकूच्या कुळातला. मूळचा इथलाच असल्याने आपल्या हवामानाशी त्याची पक्की सोयरीक आहे. आपल्याकडचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. नंतर आठ महिने कोरडे जातात आणि उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. मोहाची मुळे खोल जातात. उन्हे तापू लागली की तो पाने गाळून पाण्याचा खर्च कमी करतो आणि शेतात दुसरे काही नसते तेव्हाच, मार्च-एप्रिलमध्ये, फुलतो. धानाची बांधी पावसाने दगा दिल्यावर वाळते. मोह मात्र मुरमाड, बरड जमिनीतही तग धरतो.

त्याला सोसत नाही ते साचलेले पाणी. म्हणून बांधीच्या आत, बोडीच्या पोटात किंवा पाणी तुंबते अशा चिकण जागी तो लावू नये. उंच धुरा, शेताच्या वाटेची कड, घराची वाडी किंवा पडीक बरड ही त्याची जागा.

सावलीचाही विचार करावा. मोठ्या मोहाखाली धान कमी येते हे खरे आहे. हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते, म्हणून शक्यतो शेताच्या उत्तरेकडचा धुरा निवडावा. तो सामाईक असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. झाडावरून पुढे भांडण नको. दोन झाडांत १० मीटर अंतर ठेवावे. एकरभर शेताच्या धुऱ्याला दोन-तीन झाडे पुरेत.

बी ताजे हवे

मोहाची लागवड फसते ती बहुधा बियांपाशी. धानाचे बी वर्षभर कणगीत राहते, तसे मोहाचे राहत नाही. टोळ पिकून पडल्यावर थोड्याच आठवड्यांत बियांची उगवणशक्ती संपते. आजीने तेलासाठी वाळवून ठेवलेले बी दिवाळीत पेरले, तर एकही रोप दिसणार नाही.

फळे जून-जुलैत पिकतात. भरपूर फुले देणारे, मोठ्या फुलांचे, निरोगी झाड आधीच हेरून ठेवावे. त्याची पिकली फळे गोळा करून गर काढावा, बी धुवावे आणि सावलीत नुसते पाणी निथळू द्यावे. उन्हात वाळवू नये. त्याच आठवड्यात पेरणी करावी.

पेरणी दोन रीतींनी करता येते. पहिली रीत थेट जागेवर पेरण्याची. मोहाचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि त्याला हलवलेले आवडत नाही, म्हणून ही रीत चांगली. मे महिन्यात दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तो उन्हात तापू द्यावा. मग वरची माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून भरावा. वाळवी असेल तर मूठभर निंबोळी पेंड टाकावी. चांगला पाऊस झाला की प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन बिया पेराभर खोल लावाव्यात. पुढे एकच जोमदार रोप ठेवावे.

दुसरी रीत पिशवीची. पिशवी उंच घ्यावी, खाली भोके पाडावीत. बी लावून ती विरळ सावलीत ठेवावी. अधूनमधून पिशवी उचलून जागा बदलावी, नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत उतरते आणि लावताना तुटते. वर्षभराचे रोप पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावे. पिशवी फाडावी, पण मुळाभोवतीची माती फुटू देऊ नये.

पहिली तीन वर्षे

मोह लहानपणी फार सावकाश वाढतो. दोन वर्षे झाली तरी रोप वितभरच, असे पाहून पुष्कळ जण नाद सोडतात. तेव्हा त्याची वाढ मुळात चाललेली असते. धीर धरावा.

या काळात चार कामे करावीत. धान निघाले की गावची गुरे मोकाट सुटतात. म्हणून दिवाळीपूर्वीच रोपाभोवती बांबूची जाळी किंवा बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण पक्के करावे. रोपाभोवती हातभर आळे करून तण काढावे व त्यात पाचोळा अंथरावा. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी घागरभर पाणी द्यावे. जुन्या मडक्याला बारीक छिद्र पाडून, वात लावून ते रोपाजवळ पुरले तर तेवढेच पाणी अधिक दिवस पुरते. आणि माघातच रोपाभोवती चार-पाच हात जागा खरवडून साफ ठेवावी, म्हणजे धुरा पेटला तरी आग तिथवर येणार नाही. तिसऱ्या वर्षापासून खालच्या आडव्या फांद्या छाटाव्यात. एकदा झाड माणसाच्या डोक्यावर गेले की त्याला तुमची फारशी गरज उरत नाही.

बियांपासूनचे झाड फुलायला साधारण दहा वर्षे घेते, कधी जास्तही. लवकर फूल हवे असेल तर कलम लावावे. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या केंद्रीय फळबाग संशोधन केंद्राने मृदुकाष्ठ कलमाची रीत वापरून 'थार मधु' नावाचा मोहाचा वाण दिला आहे. कलम पुष्कळ लवकर फुलते आणि आईचा गुण जशाचा तसा घेते. सिंदेवाही किंवा गडचिरोलीच्या सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात याची चौकशी करावी.

म्हाताऱ्या झाडांची सेवा

जुन्या मोहावर बांडगूळ फार चढते. ते झाडाचा रस पिते आणि फुले घटतात. त्याला फळ धरण्यापूर्वीच, चिकटलेल्या जागेच्या थोडे खालून, फांदीसकट कापून टाकावे. ते वरवर ओढून काढले तर पुन्हा फुटते.

झाडाखाली आग लावणे तर आजच सोडा. पाचोळा झाडून एका बाजूला करा. तो खड्ड्यात टाकला तर खत होते. त्यावर जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली की फुले मातीत पडत नाहीत, वेचण्याचे कष्ट वाचतात आणि माल स्वच्छ मिळतो. फुले चटईवर पातळ पसरून खडखडीत वाळवावीत. चार-पाच किलो ओल्या फुलांचे सुमारे किलोभर वाळले फूल होते आणि त्यात निम्म्याहून अधिक साखर असते. ओलसर माल साठवला तर बुरशी धरते व व्यापारी भाव पाडतो.

टोळीच्या गराचा निम्मा भाग तेलाचा असतो. पण तिची पेंड गुरांना घालू नये. तिच्यात विषारी अंश असतो. तळ्यात ती पडली तर मासे मरतात. ती खत म्हणून शेतात वापरावी.

गावाने मिळून करावे असे

जंगलातला मोह एकट्याने वाचत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला तो २०१२ मध्ये मिळाला. तेंदूपानासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात, हे पाहून पाचगावने तेंदूपान तोडणेच थांबवले. हातची मजुरी सोडणे सोपे नव्हते. तुमच्या ग्रामसभेने निदान दोन ठराव करावेत: मोहाखाली कुणी आग लावायची नाही, आणि दर झाडाखाली थोडी टोळ उगवणीसाठी राहू द्यायची.

मोहफुले गोळा करणे, साठवणे व त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. त्यामुळे फुले घरात ठेवून चांगल्या भावाची वाट पाहता येते. दारू गाळण्याचा कायदा मात्र वेगळा आहे, याचा विसर पडू नये. मोहाचे लाडू, भाकर, सरबत यांनाही आता गिऱ्हाईक मिळते; बचत गटांनी हे मनावर घ्यावे.

धुऱ्यावरच्या झाडांची नोंद पीक पाहणीत करून घ्यावी. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत मोह आहे, तेव्हा स्वतःच्या शेतातला मोहही परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाड तोडायचे आहे कुणाला? तरी नोंद असली की वाटणीच्या वेळी वाद होत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, एका झाडाला दोन-तीन बिया, दोन घमेली खत आणि काट्यांचा एक भारा लागतो. आज पाळण्यात असलेली नात शाळेत शिकत असेल, तेव्हा हा मोह फुलायला लागेल. फुले वेचायला तिला फक्त आपल्या धुऱ्यापर्यंत जावे लागेल, तेही उजाडल्यावर. यंदा टोळ पडू लागली की पहिली ओंजळ तेलाच्या घाण्याकडे न नेता शेताकडे न्या.