हाताला काय जमते आणि हात काय करतो

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हात किती सावरला हे मोजण्यासाठी रोनाल्ड लायल यांनी १९८१ साली मांडलेली ‘अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट’ आजही जगभर वापरतात. टेबलावर लाकडी ठोकळे, क्रिकेटचा चेंडू, धार लावायचा दगड, पेले, नळ्या, गोटी आणि सहा मिलिमीटरचा छर्रा मांडलेला असतो. ठोकळा उचलून समोरच्या फळीवर ठेवायचा, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतायचे, छर्रा अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत धरायचा. अशा १९ कृती, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण ५७. तपासणाऱ्याचे कसब २ आणि ३ यांच्यातल्या फरकात दिसते. ठोकळा फळीवर पोहोचला की घरच्यांचे चेहरे खुलतात. फिजिओथेरपिस्टची नजर मात्र कोपरावर असते. कोपर सरळ झालेच नाही, रुग्णाने कंबरेतून पुढे झुकून हात तिथवर नेला. काम झाले, पण फार कष्टाने, म्हणून गुण २. ही कडक नजर मला फार मोलाची वाटते. तिच्याविना सुधारणा आणि तडजोड यांत फरकच करता येणार नाही.

तरीही हे गुण एकाच प्रश्नाचे उत्तर देतात: सांगितल्यावर हाताला काय जमते? न सांगता तो घरी काय करतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो सर्रास विचारायचा राहून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात क्षमता आणि प्रत्यक्ष वापर या दोन बाबी वेगळ्या धरल्या आहेत. एडवर्ड टाउब यांनी दाखवले की सुरुवातीच्या अपयशांमुळे दुबळा हात न वापरण्याची सवय जडते आणि पुढे ताकद आली तरी ती सुटत नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरीन लँग यांच्या गटाने, झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्या ७८ जणांकडून हाताच्या कामांचा भरपूर सराव करून घेतला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की चाचणीतले गुण वाढले, पण मनगटावरच्या संवेदकांनी नोंदवलेला रोजचा वापर वाढला नाही. माझ्या मते पुनर्वसनाच्या प्रत्येक केंद्राने हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यायला हवा.

यावर आक्षेप असा, की संवेदकाला हालचाल कळते, हेतू कळत नाही. चालताना हात हलला तरी तो मोजतो. खरे आहे. म्हणूनच दोन्ही मनगटांची तुलना करतात: निरोगी माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखाच वेळ हलतात, मग तो उजवा असो वा डावखुरा. आपण उजव्या हाताने जेवतो, मग डाव्याचे माप कसले, असेही कुणी म्हणेल. पण परात धरायला, निऱ्या करताना साडी सांभाळायला, नाडीची गाठ मारायला डावा हात लागतोच. घरचा वापर रुग्णाला विचारून मोजणाऱ्या प्रश्नावलीबाबत मात्र आपल्या सवयी वेगळ्या असल्याचा आक्षेप रास्त ठरतो. टाउब यांच्या परंपरेतली ‘मोटर अ‍ॅक्टिव्हिटी लॉग’ अर्धे सँडविच खाण्याबद्दल विचारते. आपल्याकडे भाकरीचा तुकडा मोडणे, भात कालवणे, तांब्या उचलणे याबद्दल विचारायला हवे. शिवाय सांगणारा विसरतो, किंवा थेरपिस्टला बरे वाटेल तेच सांगतो. म्हणून घरच्यांनाही वेगळे विचारावे.

गर्दीच्या ओपीडीत हे सगळे करायला वेळ कुठून आणायचा, ही अडचण सर्वांत खरी. सुरुवातीच्या दिवसांत क्षमतेची तपासणीच आधी व्हावी, हेही मान्य. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात पहिल्या ७२ तासांत बोटे थोडी उघडणाऱ्या आणि खांद्यातून हात थोडा बाजूला नेऊ शकणाऱ्या रुग्णांना सहा महिन्यांनी हाताचे थोडेफार कौशल्य परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के दिसली. ती दोन मिनिटांची तपासणी सोडून चालणार नाही. पण माणूस घरी गेल्यावर केसपेपरवर गुणांच्या शेजारी आणखी एक ओळ लिहायला यंत्र लागत नाही: गेल्या आठवड्यात हा हात कुणी न सांगता कोणत्या कामाला पुढे आला, आणि कोणत्या कामाला जमत असूनही आला नाही. पुढच्या आठवड्याचा सराव त्या दुसऱ्या यादीतून निवडावा.