आई-बाबांची स्कूटर: सीव्हीटी, सीबीएस आणि बारा इंची चाक

आई-बाबांची औषधं, वीजबिल हे सगळं आपण इथून फोनवर उरकतो. हल्ली त्यांची नवी स्कूटरही अशीच ठरते. रंग आणि मायलेज बोलून झालं की विषय संपतो. पण सत्तरीच्या माणसाला सांभाळून नेणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. उदाहरणाला २०२० साली आलेली अ‍ॅक्टिवा सिक्स-जी घेऊ. इंजिन १०९.५१ सीसी, टाकी सव्वापाच लिटरच्या आसपास.

पहिली गोष्ट, सीव्हीटी. इथे गिअरच्या जागी दोन पुली आणि त्यांवर एक पट्टा असतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर सरकतात, पुली मिटते आणि पट्टा वर चढतो. मागची पुली तेवढीच उघडते. गिअर आपोआप बदलावा तसंच हे. क्लचही आपोआप लागतो, आणि खरी मेख इथेच आहे. इंजिन चालू असताना मूठ चुकून पिळली गेली तर गाडी थेट उडी मारते. म्हणून पार्किंगमधून गाडी ढकलत काढायची ती इंजिन बंद ठेवूनच. सिक्स-जीला त्यासाठी उजव्या हाताशी इंजिन बंद करायचा स्विच आहे.

दुसरी, सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे पुढचा ब्रेक जास्त काम करतो. पण घसरू या भीतीने बरेच जण तो वापरतच नाहीत. सीबीएसमध्ये डावी मूठ दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. भारतात २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना ही सोय किंवा एबीएस सक्तीचं आहे. मात्र सीबीएस म्हणजे एबीएस नव्हे. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर चाक अडकून घसरू शकतं.

बाबांचा हात जुन्या चेतकवर बसलेला असेल तर हे आवर्जून सांगा. चेतकची डावी मूठ क्लचची आणि मागचा ब्रेक उजव्या पायाशी. नव्या गाडीत पायाशी काहीच नाही! घाईच्या क्षणी पाय जुन्या सवयीने ब्रेक शोधतो. म्हणून पहिला आठवडा सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारू द्या.

तिसरी, चाक. सिक्स-जीचं पुढचं चाक बारा इंची, मागचं दहा इंची. चाक मोठं तेवढं खड्ड्यात कमी अडकतं. पुढे टेलिस्कोपिक सस्पेन्शन असल्याने मनगटांना हादरेही कमी बसतात. टायर ट्यूबलेस आहेत, म्हणजे खिळा घुसला तरी हवा बहुधा हळूहळू जाते.

शेवटी आपल्या घरांपुरतं. आई-बाबा सहा महिने इकडे आले की स्कूटर तिकडे नुसती उभी राहते. निघण्याआधी ती मेन स्टँडवर लावायला आणि बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा. परतल्यावर आधी हवा, ब्रेक आणि पट्टा मेकॅनिकला दाखवायचा, मगच भाजी आणायला निघायचं.

पुढच्या फोनवर मायलेज विचाराल, तेव्हा ब्रेकचीही चौकशी करा.