गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप : सगळ्यांना सोबत घेऊन कसा सुरू करावा?



आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. मागच्या उन्हाळ्यात वेळ बदलली, सकाळी सहाऐवजी पहाटे चार. ग्रुपवर मेसेज आदल्या रात्रीच आला होता, पण त्यावर 'शुभ रात्री'चे आणि फुलांचे फोटो येऊन बसले. कोपऱ्यावरच्या आजी ग्रुपमध्ये होत्या, फोन उशाशी होता, तरी त्यांचा हंडा कोरडाच राहिला. मला म्हणाल्या, "बाई, मला त्यात घातलंय म्हणतात, पण बघायचं कुठं ते कुणी सांगितलंच नाही."

नंबर ॲड केला की काम झालं असं आपण समजतो. पण पटावर नाव आलं म्हणून मूल लगेच वाचायला लागत नाही, तसंच हे आहे. त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्हालाही उपयोग होईल म्हणून लिहिते.

१. आधी विचारा, मग ॲड करा
ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एकट्या राहणाऱ्या बायकांना, मुलींना ते नको असू शकतं. म्हणून घरी जाऊन विचारावं. ग्रुपची लिंक चौकात चिकटवू नये, कुणीही अनोळखी माणूस आत येतो.

२. फोन त्यांच्याच हातात राहू द्या
आपण पटकन फोन हिसकून करून देतो, तिथंच शिकणं थांबतं. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शिकवा :
• ग्रुप उघडणं. अँड्रॉइड फोनमध्ये यादीतल्या ग्रुपवर बोट दाबून धरलं की वर पिनचं चिन्ह येतं. ते दाबलं की ग्रुप वरच राहतो, शोधावा लागत नाही.
• आवाजी मेसेज ऐकणं. त्रिकोणावर बोट ठेवायचं, बस्स.
• स्वतः बोलून पाठवणं. माइक दाबून धरायचा, बोलायचं, बोट उचलायचं. चुकलं तर बोट न उचलता डावीकडे सरकवायचं.
ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही हे जमतं. दोन दिवसांनी पुन्हा जा आणि त्यांच्याकडून करून घ्या. सराव हवाच!

३. सूचना वेगळ्या, गप्पा वेगळ्या
दोन ग्रुप करा. सूचनांच्या ग्रुपमध्ये मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. तशी सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे. ॲडमिन दोन-तीन असावेत, एक गावाला गेला तर अडत नाही. सूचनेत वार, तारीख, वेळ आणि ठिकाण आधी लिहावं, आणि तीच सूचना आवाजातही पाठवावी. शुभेच्छा, वाढदिवस, फोटो गप्पांच्या ग्रुपवर खुशाल येऊ देत.

४. सावधगिरी पहिल्याच दिवशी सांगा
फोनवर आलेला सहा अंकी कोड कुणालाच सांगायचा नाही, ओळखीच्या नंबरवरून मागितला तरी नाही. लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून 'एपीके' फाइल आली तर उघडायची नाही. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो पुष्कळ हातांतून फिरून आलाय, खात्री केल्याशिवाय पुढं ढकलू नये. पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

५. फोन नसलेल्या घरांचं काय?
आमच्याकडे अशी चार घरं निघाली. प्रत्येकाला शेजारचं एक घर जोडून दिलं. सूचना आली की त्या घरानं हाक मारायची. यात मुलं फार उपयोगी पडतात. व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे, त्यामुळे लहान मुलांना खातं काढून देऊ नका. पण सूचनालेखनाचा पाठ शिकवताना पाण्याची, लसीकरणाची खरी सूचना त्यांच्याकडून लिहून घ्या. तीच फळ्यावर आणि तीच ग्रुपवर. आपलं लिहिलेलं कुणाच्या तरी कामी आलं, हे मुलांना कळतं.

परवा पहाटे गप्पांच्या ग्रुपवर पहिला मेसेज आजींचा होता, आवाजातला : "पाणी आलंय गं बायांनो, उठा!"

तुमच्या गल्लीत कुणाचा हंडा कोरडा राहतोय का, एकदा बघून या.