मोटरबोटीचे पेट्रोल : घेताना आणि ठेवताना

हनुवंतिया, चोरल, महेश्वर अशा सहली वाढल्यापासून आपल्यातल्या काही कुटुंबांना स्वतःची छोटी मोटरबोट असावी असे वाटू लागले आहे. इंजिन कोणते घ्यावे यावर तासन्‌तास चर्चा होते. पेट्रोलचा विषय मात्र ‘पंपावर मिळेल ते’ एवढ्यावर संपतो.

पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. मोटारीत ते दोन-तीन आठवड्यांत जळून जाते. बोट मात्र पावसाळ्यात तीन-चार महिने उभी असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. मग इंजिन सुरूच होत नाही, किंवा मधोमध बंद पडते. नर्मदेच्या प्रवाहात ही काही गंमत नव्हे. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात, तेव्हा इंजिनाच्या पुस्तिकेतले ते पान खरेदीपूर्वीच वाचावे.

इथेनॉलविरहित म्हणून महाग पेट्रोल घेतले, तर तपासणी सोपी आहे. मोकळ्या जागेत काचेच्या मापाच्या नळीत ९० मिली पेट्रोल व १० मिली पाणी घालून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. तळचा थर १० वरच राहिला तर माल शुद्ध. वाढला तर तेवढे इथेनॉल पाण्यात उतरले. (नुसत्या जादा ऑक्टेनने बोट जोरात पळत नाही, हेही जाता जाता.)

साठवणुकीत कायदा स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात : धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचे १ लिटरपर्यंत. घरोघरी दिसणारा तेलाचा प्लास्टिक डबा यात बसत नाही. निमाडच्या उन्हात पेट्रोल फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नये. तो घरात, गॅस किंवा इन्व्हर्टरजवळ तर मुळीच ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. स्कूटरखालून ती निघून जाते, बोटीच्या तळात मात्र साचून राहते. म्हणून सुटी टाकी बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरावी.

परवानगीची चौकशी सर्वांत आधी करावी. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ व मोटरबोटी बंद करायला सांगितल्या. आपले सिरपूर आणि यशवंत सागरही रामसर यादीत आहेत.

जूनच्या सुरुवातीला उरलेले पेट्रोल मोटारीत वापरून टाकावे. टू-स्ट्रोकसाठी ऑइल मिसळलेले असेल तर मात्र नाही. ते लागेल तेवढेच मिसळावे, ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली.