डाळीतला संशय

फवारणीचे दिवस. डाळ शिजत असते आणि तिच्या मनात येतं, औषधाच्या डब्याला लागलेला हात आपण धुतला होता ना? ती धुते. पुन्हा धुते. शेवटी डाळच सांडून देते. पुढचा विचार मात्र ती कोणालाच सांगत नाही: आपणच मुद्दाम टाकलं असेल तर?

ही बाई काल्पनिक आहे, तिचा आजार नाही. त्याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यात या संशयाला डाळ आणि औषधच सापडावं, यात नवल नाही. २०१७च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. मंत्रचळ आपला मजकूर आजूबाजूलाच शोधतो, आणि माणसाला जे सर्वांत जपायचं असतं त्यावरच घाव घालतो. लेकरांवर जीव असलेल्या आईला लेकरांना इजा करण्याचे विचार छळतात. कळंबच्या चिंतामणीपुढे हात जोडलेल्या भाविकाच्या मनात नेमकी देवालाच शिवी उमटते. मग ती पुसायला एकवीस वेळा नाव, तेही मनासारखं झालं नाही म्हणून एकशे आठ वेळा.

असे विचार निरोगी माणसांनाही येतात. रॅचमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये हे दाखवलं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांपैकी ९४ टक्क्यांनी, गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी असा नकोसा विचार आल्याचं सांगितलं. इतर लोक तो झटकून कामाला लागतात. मंत्रचळ असलेला माणूस त्याची जबाबदारी अंगावर घेतो: मनात आलं, म्हणजे मी तसाच असणार. मग तो हात धुतो, डबा तपासतो, जप करतो. थोडा वेळ बरं वाटतं, आणि धुतलं म्हणूनच अनर्थ टळला, असं मेंदू शिकून बसतो. विचार दाबून टाकणं तर आणखी वाईट. डॅनियल वेगनरने १९८७मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल काही हटेना.

उपचाराची दिशा म्हणून उलटी आहे. १९६६मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीला सामोरं नेलं आणि नंतरचं धुणं-पुसणं करू दिलं नाही. तीच पद्धत आज सुधारून वापरतात. आपल्या जिल्ह्यात एक पेच आहे: फवारणीचं औषध खरंच विषारी आहे. डबा कुलपात ठेवणं, साबणाने हात धुणं हवंच, पण एकदा. तिथून पुढचं सगळं आजाराचं. ही रेघ समुपदेशक रुग्णासोबत बसून आखतो. मग स्वयंपाक करायचा, जेवायचं, आणि संशय राहिला तर राहू द्यायचा. मनातल्या मनात केलेला जपही इथे धुण्यातच मोडतो. नवऱ्याला दहादा विचारणं, ‘काही झालं नाही न?’ हेही तसंच. प्रत्येक वेळी ‘नाही वं’ म्हणणारा नवरा प्रेमापोटीच आजाराला खाऊ घालत असतो.

गोळ्यांचाही उपयोग होतो. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्या नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत लागतात आणि खरा गुण यायला दहा-बारा आठवडे जातात. रोजी बुडवून तालुक्याहून आलेला माणूस पंधरा दिवसांत गोळी सोडतो, ते म्हणूनच.

शेतकरी आत्महत्यांमुळे ओळखल्या गेलेल्या या जिल्ह्यात आणखी एक गल्लत होऊ शकते. ‘मी जिवाचं काही करून बसेन का’ या भीतीने पछाडलेला माणूस मरणापासून पळत असतो. खरोखर मरायची इच्छा असलेला वेगळा. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, नैराश्य मंत्रचळाच्या सोबतीला अनेकदा येतं. तेव्हा हा निवाडा घरच्यांनी करू नये. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

डॉक्टरांपुढे बसल्यावर बहुतेक जण फक्त ‘झोप नाही, घाबरतं’ एवढंच सांगतात आणि झोपेची गोळी घेऊन परततात. नकोसे विचार येतात हे सांगावं, कितीही घाण असले तरी. आणि ते घालवायला दिवसभर आपण काय काय करतो, तेही.