शनिवार-रविवारचं ऊन आणि परतीचा पाऊस

नवरात्र बसलं की घराघरांतून कामांची एकच झुंबड उडते. गाद्या-रजयांना ऊन दाखवायचं, पावसाळ्यात सर्दावलेल्या डाळी वाळवायच्या, चिवड्याचे पोहे उन्हात टाकायचे! नोकरी करणाऱ्या भगिनींना तर हे सारं शनिवार-रविवारीच उरकावं लागतं. आणि नेमकं त्याच दिवशी दुपारी चारला आभाळ भरून येतं. मग आपण हवामानखात्याच्या नावानं बोटं मोडून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, खातं सांगतं काय, ते आपण नीट ऐकतो का?

आधी हा परतीचा पाऊस समजून घेऊ या. मोसमी पाऊस माघारी निघतो तो पश्चिम राजस्थानातून. त्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर. मुंबईचा निरोप तो ८ ऑक्टोबरच्या सुमारास घेतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत बहुतेक साऱ्या देशातून जातो. प्रत्यक्षात दरवर्षी चार दिवस इकडे-तिकडे होतातच. या दिवसांत आभाळ मोकळं होतं, ऊन चटके देतं, पण जमीन अजून ओली असते. दमट हवा तापून वर चढते आणि दुपारनंतर गडगडाटी ढग तयार होतात. म्हणून सकाळच्या लख्ख उन्हावर विसंबून गच्चीवर वाळवण टाकून बाजाराला जाऊ नये. सकाळी लवकर घालावं, दुपारी दोनच्या आत उचलावं, हे बरं.

आता अंदाजातले शब्द. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडासा पाऊस, असं पुष्कळजणी समजतात. तसं नाही बरं का! हा शब्द पावसाचा नाही, ठिकाणांचा आहे. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडणार असेल, तर ‘तुरळक’. निम्म्यापर्यंत ‘काही ठिकाणी’, पाऊणपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतेक सर्व ठिकाणी’. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ यात विसंगती काहीच नाही. पडेल तिथं धो धो पडेल, शेजारच्या गावात रस्तासुद्धा भिजणार नाही.

देशाच्या अंदाजात आपलं गाव शोधायचं तर विभाग ठाऊक हवा. महाराष्ट्रासाठी चार विभाग आहेत : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. नाशिक, पुणे, कोल्हापूर, सोलापूर ही मध्य महाराष्ट्रात येतात. शिवाय खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. शनिवारचा पाऊस म्हणजे रविवारी पहाटेचाही पाऊस!

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच काळजी घ्या. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की खातं त्याला ‘जोरदार’ या वर्गात धरतं.

आपल्या गाद्या भिजल्या तर चार दिवसांनी वाळतील. पण माझ्या थोरल्या जाऊबाई तळकोकणात असतात. त्यांचं हळवं भात याच सुमाराला पिकतं. कापलेलं भात शेतात वाळत पडलेलं असताना पाऊस आला, तर दाण्यांना कोंब फुटतात; न कापावं, तर उभं पीक आडवं होतं. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी फोनवर विचारलं, “काय गं, कापायला घेऊ का?” शनिवार-रविवारला नारिंगी इशारा होता. आम्ही दोघींनी मिळून अंदाज वाचला. मग शुक्रवार संध्याकाळपर्यंत खळ्यात येऊन पडेल तेवढंच त्यांनी कापलं, बाकीचं उभं ठेवलं. शनिवारी पाऊस झाला. उभ्यातलं थोडं आडवं झालं खरं, पण कापलेला दाणा कोरडा राहिला.

आणखी एक, फार महत्त्वाचं. या दिवसांतल्या विजा वाईट. गडगडाट ऐकू आला की गच्चीवरचे कपडे राहू द्यावेत. साडी भिजली तर भिजू दे, जीव मोलाचा! मुलांना झाडाखाली उभं राहू देऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे, जवळपास वीज पडण्याचा धोका असल्यास ते सावध करतं. गावाकडच्या माणसांच्या मोबाईलवर ते आवर्जून घालून द्यावं.

अंदाज जितका लांबचा तितका कच्चा. म्हणून गुरुवारी पाहिलेला रविवारचा अंदाज शुक्रवारी आणि शनिवारी पुन्हा पाहावा, मगच पोहे उन्हात टाकावेत. आणि आपलं पाहून झालं की गावाकडे शेतीवाल्या नणंदेला, जावेला एक फोन करावा. त्यांचा तर वर्षाचा दाणा उघड्यावर असतो.